बास्केटबॉलचा फॉरवर्ड : एका धंद्याची ओळख

उन्हें कललीं कीं जळगांवच्या अथवा धुळ्याच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर मुलांचा गलबला सुरू होतो. क्रिकेट, कबड्डी, खोखो यांनीं बहुतेक जागा अडविलेली असते. तरीहि एखाद्या कोपऱ्यांतून सिमेंटच्या जमिनीवर चेंडू आपटल्याचा एकसारखा आवाज येत राहतो. दहा फूट उंचीवर बसविलेल्या लोखंडी कड्याखालीं आठ-दहा मुलें धांवत असतात. त्यांत एखादा वयाच्या मानानें बराच उंच असतो, आणि अडचण आली कीं बाकीचे सर्व चेंडू त्याच्याकडेच देतात. खेळाची परिभाषा त्यांच्यापैकीं कोणाला ठाऊक असो वा नसो, त्या मुलाला त्यांनीं ‘फॉरवर्ड’ करून टाकलेलें असतें.

त्याच मुलाच्या घरीं दहावीचा निकाल लागल्यावर निराळाच खल चालतो. शिक्षक म्हणतात, मुलाच्या अंगांत खेळ आहे. आई म्हणते, खेळूं द्या, पण अभ्यास सांभाळून. वडिलांच्या मनांत मात्र एकच प्रश्न घोळत असतो : खेळावर जन्म काढतां येतो काय? हा प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि त्याचें उत्तर नुसत्या हौसेनें अथवा नुसत्या भीतीनें देऊन चालत नाहीं. हा धंदा कसा चालतो, त्यांत शिरकाव किती जणांचा होतो, तो किती वर्षें टिकतो आणि संपल्यावर हातीं काय उरतें, हें पाहिल्यावांचून तें उत्तर सांपडणार नाहीं.

बास्केटबॉल हा खेळ फार जुना नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. कडाक्याच्या थंडींत विद्यार्थ्यांना छपराखालीं व्यायाम घडावा, म्हणून १८९१ सालच्या डिसेंबरांत त्यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला समोरासमोर ठोकल्या आणि खेळाचे तेरा नियम लिहून काढले. सज्जाची उंची दहा फूट होती. आज सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी कड्याची उंची तीच आहे. प्रारंभीं एका बाजूस नऊ खेळाडू असत, पुढें ते पांच झाले. भारतांत हा खेळ त्याच असोसिएशनच्या मार्फत आला. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर मुंबईच्या नागपाडा भागाचें नांव प्रथम घ्यावें लागेल. तेथें १९२७ सालीं अमेरिकन मराठी मिशननें नागपाडा नेबरहुड हाउस ही समाजकार्याची संस्था काढली. त्या भागांतील मुलांना बास्केटबॉलचें वेड लागलें, आणि त्याच नागपाड्यांतून भारताचे कर्णधार व १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसीर पुढें आले.

पांच खेळाडूंच्या संघांत कामाची वांटणी ठरलेली असते. दोन ‘गार्ड’ चेंडू पुढें आणतात व डाव रचतात. एक ‘सेंटर’, बहुधा सर्वांत उंच, कड्याजवळ ठाण मांडतो. आणि उरलेले दोन ते ‘फॉरवर्ड’. या दोघांतहि भेद आहे. ‘स्मॉल फॉरवर्ड’ हा चपळ, बाजूनें घुसणारा व दुरून नेम साधणारा; ‘पॉवर फॉरवर्ड’ हा दणकट, कड्याखालची रेटारेटी सोसणारा. कबड्डीच्या भाषेंत सांगावयाचें तर चढाई आणि पकड हीं दोन्हीं कामें ज्याच्या गळ्यांत पडतात, तो फॉरवर्ड.

त्याच्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र प्रेक्षकांच्या नजरेंत फारसा भरत नाहीं. नेम चुकून चेंडू कड्यावरून उसळला कीं तो हस्तगत करावयाचा. यास ‘रिबाउंड’ म्हणतात. सर्वांत उंच उडी मारणारासच तो मिळतो, अशी सामान्य समजूत आहे. ती पुरती खरी नाहीं. चेंडू हवेंत असतांनाच तो कोणीकडे उसळेल याचा अंदाज घ्यावयाचा, आखाड्यांतल्या पैलवानाप्रमाणें कंबर खालीं घ्यावयाची, आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्या पाठीमागें रोखून जागा आधीं धरावयाची, हें ज्याला साधतें त्याच्या हातांत बहुधा तो चेंडू येतो. उंची जन्मतः येते. जागा धरण्याची विद्या शिकावी लागते, आणि ती शिकावयास वर्षें लागतात.

या कामाचें स्वरूपहि काळाबरोबर पालटलें आहे. एके काळीं उंच फॉरवर्डनें कड्यापासून दूर जाऊं नये, असाच रिवाज होता. अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशननें १९७९ सालीं व आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९८४ सालीं मैदानावर एक दूरची कमान आंखली आणि तिच्या बाहेरून साधलेल्या नेमास दोनांऐवजीं तीन गुण ठरविले. आंतरराष्ट्रीय नियमांत ही कमान आज पावणेसात मीटरांवर आहे. तेव्हांपासून दुरून नेम साधणाऱ्या उंच खेळाडूचें मोल वाढत गेलें. ज्या मुलाला केवळ तो उंच आहे म्हणून कड्याखालीं उभें केलें जातें, आणि धांवतांना चेंडू हाताळण्याचें व दुरून फेंकण्याचें शिक्षण दिलें जात नाहीं, त्याचें त्यांत मोठें नुकसान होतें.

या बदलाचें मूर्तिमंत उदाहरण म्हणजे जर्मनीचा फॉरवर्ड डर्क नोविट्स्की. त्याचा जन्म १९७८ सालीं वुर्झबुर्ग येथें झाला. २०११ च्या जनगणनेंत धुळें शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या घरांत होती. वुर्झबुर्गची वस्ती तिच्या एकतृतीयांशाच्या आसपास आहे. म्हणजे फार मोठ्या शहराचें पाठबळ या मुलाला नव्हतें. त्याची आई मात्र जर्मनीच्या राष्ट्रीय संघांतून बास्केटबॉल खेळलेली होती, आणि ऐन कुमारवयांत त्याला होल्गर गेश्विंडनर हे मार्गदर्शक लाभले. जवळजवळ सात फूट उंचीच्या त्या मुलाला त्यांनीं कड्याखालीं खिळवून ठेवलें नाहीं. चेंडू कोणत्या कोनांतून सोडावा याचा गणिती विचार करून त्यांनीं त्याची फेंक घडविली. इतकेंच नव्हे, तर वाचनाची व वाद्यवादनाचीहि गोडी त्याला लावली.

१९९८ सालीं डॅलस मॅव्हरिक्स या संघानें नोविट्स्कीला अमेरिकेंत आणलें. पहिला हंगाम निराशेंत गेला. सामन्यामागें त्याचे सरासरी गुण आठांच्या आसपासच राहिले. दुसऱ्या वर्षीं ते दुपटीहून अधिक झाले. २००७ सालीं तो त्या स्पर्धेंतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, २०११ सालीं त्यानें डॅलसला पहिलें अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि २०१९ सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, तो निवृत्त झाला. एकवीस हंगाम तो एकाच संघाकडून खेळला व त्याच्या नांवावर ३१,५६० गुण जमा झाले. एका पायावर मागें झुकून चेंडू फेंकण्याची त्याची लकब पुढें जगभर अनेकांनीं उचलली. वयाच्या तिशीनंतर पायांतला वेग ओसरतो. नेम ओसरत नाहीं. त्याची कारकीर्द इतकी लांबण्याचें एक मोठें कारण हेंच होतें.

पण नोविट्स्की हा नियम नव्हे, अपवाद आहे. अमेरिकेच्या त्या प्रमुख स्पर्धेंत तीस संघ असतात व प्रत्येक संघांत पूर्ण कराराच्या पंधरा जागा. म्हणजे साऱ्या जगांतून साडेचारशें माणसांना तेथें पुरतें स्थान मिळतें. दरवर्षीं नव्या खेळाडूंची निवड दोन फेऱ्यांत होते आणि साठ किंवा त्याहून थोडीं कमी नांवें पुकारलीं जातात. एवढ्यावर कोणाचें आयुष्य मार्गीं लागलें असें होत नाहीं. तेथील कारकीर्द सरासरीनें चार-पांच वर्षांतच आटोपते. जो टिकतो त्याला पैसा अमाप मिळतो. अगदीं नवख्याचें किमान वार्षिक वेतनहि आज दहा लाख डॉलरांच्या वर आहे. पण त्याच संस्थेच्या धाकट्या स्पर्धेंत, जिला ‘जी लीग’ म्हणतात, २०१८-१९ च्या हंगामांत सुमारें पांच महिन्यांच्या खेळाबद्दल ठरलेलें वेतन ३५,००० डॉलर होतें. दोन्हीं ठिकाणीं चेंडू तोच, कडें तेंच, मेहनतहि जवळजवळ तीच. वरच्या पायरीवरील शेवटच्या माणसांत आणि खालच्या पायरीवरील पहिल्या माणसांत खेळाचा फरक मात्र फार थोडा असतो.

या व्यवहारांत अडत्याहि असतो. केळीच्या अगर कापसाच्या बाजारांत शेतकऱ्याचा माल जसा अडत्याच्या हातून विकला जातो, तसा खेळाडूचा करार त्याच्या प्रतिनिधीच्या हातून ठरतो. अमेरिकेंत खेळाडूंच्या संघटनेनें ही अडत चार टक्क्यांहून अधिक असूं नये असा निर्बंध घातला आहे. मालाची आणि खेळाडूची तुलना कानाला बरी वाटत नाहीं. पण ती अस्थानीं नाहीं. करार संपतो, संघ खेळाडूची अदलाबदल करतो, गुडघ्याचा स्नायुबंध तुटला तर नऊ महिने ते वर्षभर मैदान दुरावतें, आणि तेवढ्यांत त्याची जागा दुसऱ्यानें घेतलेली असते. सतत उड्या मारणाऱ्या व गर्दींत खालीं उतरणाऱ्या फॉरवर्डला घोटा आणि गुडघा यांची ही धास्ती कायमची असते.

भारतीय खेळाडूंनीं या धंद्याचें दार ठोठावलें नाहीं, असें नाहीं. पंजाबांतील बल्लोके या खेड्याचा सतनामसिंग हा सात फूट दोन इंच उंचीचा सेंटर लुधियानाच्या अकादमींत तयार झाला, पुढें शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत गेला, आणि २०१५ सालच्या निवडींत बावन्नाव्या क्रमांकावर त्याचें नांव पुकारलें गेलें. त्याला घेणारा संघ नोविट्स्कीचाच, डॅलसचा. भारतांत जन्मलेल्या खेळाडूची अशी निवड होण्याची ती पहिलीच वेळ होती. तथापि मुख्य स्पर्धेच्या एकाहि सामन्यांत त्याला उतरतां आलें नाहीं. धाकट्या स्पर्धेंतूनच तो परतला. पुढें उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणीं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, आणि २०२१ सालीं त्यानें अमेरिकेंतील करमणुकीच्या कुस्तीशीं करार केला. निवड होणें आणि धंद्यांत स्थिर होणें यांमध्यें केवढें अंतर आहे, हें या हकीकतीवरून कळून येतें.

फॉरवर्डच्या जागेवरचें उदाहरण अमज्योतसिंग याचें. जुलै २०१४ मध्यें चीनमधील वुहान येथें आशियाई चषक स्पर्धेंत भारतानें यजमान चीनला ६५ विरुद्ध ५८ गुणांनीं हरविलें, त्या संघांत तो होता. तो पुढें जपानमध्यें धंदेवाईक खेळाडू म्हणून खेळला, आणि २०१७ सालीं ओक्लाहोमा सिटीच्या ‘जी लीग’ संघांत त्यानें जागा मिळविली. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्यें एकदांच, १९८० सालीं मॉस्को येथें खेळला आहे. एवढ्या अल्प परंपरेच्या देशांतून गेलेल्या माणसाची ही मजल लहान मानतां येणार नाहीं.

मग भारतांत राहून हा धंदा होत नाहीं काय? २०१५ सालीं यूबीए ही धंदेवाईक स्पर्धा निघाली; तींत पुण्याचा व मुंबईचाहि संघ होता. २०१७ नंतर ती थांबली. २०२२ सालीं इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. अशा स्पर्धा निघतात, मुलांच्या आशा पल्लवित करतात. पण संसार चालविण्याइतकी त्यांची शाश्वती अद्याप सिद्ध झालेली नाहीं. म्हणून येथील बास्केटबॉलपटूचा खरा आधार वेगळाच राहिला आहे, आणि तो म्हणजे नोकरी. रेल्वे, सेनादलें, ओ.एन.जी.सी., इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्था खेळाडूंना कामावर घेतात. तो संस्थेच्या संघाकडून खेळतो, महिन्याचा पगार घेतो, आणि पाय थकले म्हणजे त्याच संस्थेंत टेबलापाशीं बसतो. करारावर जगणारा तो धंदेवाईक, आणि पगारावर खेळणारा तो नोकरदार, असा हा भेद आहे.

खानदेशाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाहीं. भुसावळ हें मध्य रेल्वेच्या एका विभागाचें ठाणें. रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हें तेथील घरोघर ठाऊक आहे. महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेंत रेल्वेच्या संघाचें वर्चस्व दीर्घ काळ राहिलें, त्याचें कारण या नोकरींतच आहे. दक्षिण रेल्वेंत नोकरीस असलेली गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियांत रिंगवुड येथील संघाकडून खेळली, २०११ सालीं अमेरिकेंतील महिला संघांच्या चांचणीलाहि जाऊन आली, आणि तेथें जागा मिळाली नाहीं तरी तिचें आयुष्य उघड्यावर पडलें नाहीं. महाराष्ट्रांतून पुण्याच्या शिरीन लिमये हिनें भारताच्या महिला संघांत आपलें स्थान निर्माण केलें. २०१७ सालीं बंगळूर येथें आशियाई चषकाच्या दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यांत भारतानें कझाकस्तानवर ७५ विरुद्ध ७३ अशा अवघ्या दोन गुणांनीं विजय मिळविला, त्या संघांत ती होती.

खेळ वेगळा, पण वाट हीच, याचें उदाहरण खुद्द जळगांव जिल्ह्यांत आहे. चाळीसगांव तालुक्यांतील सायगांव-बगळी येथील विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशीं लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र केसरीचा किताब जिंकला. गदा तीन आल्या, तरी संसाराला स्थैर्य आलें तें पुढें पोलीस उपअधीक्षक म्हणून झालेल्या नेमणुकीनें. महाराष्ट्र शासनानें प्रावीण्य मिळविलेल्या खेळाडूंसाठीं नोकऱ्यांत पांच टक्के जागा राखून ठेविल्या आहेत. जळगांवच्या जैन इरिगेशनसारख्या उद्योगानेंहि कॅरम व क्रिकेट यांच्या खेळाडूंना आश्रय दिलेला आहे. म्हणजे या भागांत खेळाची कदर नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. कदर आहे, पण ती बहुतेक वेळां नियुक्तिपत्राच्या रूपानें येते.

आतां पटांगणावरच्या त्या उंच मुलाकडे वळावें. त्याच्यापुढची पहिली शिडी शालेय स्पर्धांची : तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य आणि राष्ट्र. त्यानंतर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा संघ व आंतरविद्यापीठ स्पर्धा. प्रत्येक पायरीवर त्याच्या उंचीचें नवल कमी होत जातें. धुळ्याच्या मैदानावर सहा फूट दोन इंच म्हणजे ताडमाड. राज्यस्पर्धेंत तसे अनेक भेटतात, आणि राष्ट्रीय स्पर्धेंत तेवढ्या उंचीच्या मुलाला फॉरवर्डऐवजीं गार्डचें काम करावें लागतें. ज्यानें लहानपणीं चेंडू हाताळण्याची विद्या घेतली असेल, तोच तेथें निभावतो. म्हणून अठराव्या वर्षापर्यंत घरच्यांनीं पाहावयाचें तें एवढेंच, कीं मुलाच्या खेळांत दरवर्षीं एखाद्या नव्या गोष्टीची भर पडते कीं नुसत्या उंचीवर निभावून जातें. राज्याच्या संघापर्यंत जो पोंचला, त्याच्यापुढें नोकरीचें दार उघडण्याचा संभव आहे. जो पोंचला नाहीं, त्याच्यासाठीं शारीरिक शिक्षणाची पदवी, मार्गदर्शकाचें काम, पंचाची परीक्षा, ह्या वाटा उरतातच. पण त्यांना पदवी लागते, आणि पदवीला अभ्यास लागतो. आईनें पहिल्याच दिवशीं जें सांगितलें, त्याचें महत्त्व येथें कळतें.

‘खेळावर जन्म काढतां येतो काय?’ या वडिलांच्या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर नाहीं. खेळावर जन्म काढणारा माणूस लाखांत एखादा; खेळावर उमेदीचीं दहा-पंधरा वर्षें काढून, त्याच्याच आधारानें पुढचीं पंचवीस-तीस वर्षें सुखानें काढणारीं माणसें मात्र या देशांत पुष्कळ झालीं आहेत. उंच मुलाला कड्याखालीं धाडण्यापूर्वीं घरानें या दोन्हीं हिशोबांची मांडणी एकदां कागदावर केली, तर पुढें त्याला खेळूं दिल्याचा पश्चात्ताप होणार नाहीं, आणि खेळूं न दिल्याचाहि होणार नाहीं.